पाटीची मागची बाजू

ढाक्यातल्या बंशालच्या गल्लीत मी चाळीस वर्षं रिक्षा बांधतोय. लाकडाचा सांगाडा माझा, छताच्या बांबूच्या कामट्या माझ्या, आणि मागची पाटी ठोकायचं कामही माझंच. दोन चाकांच्या मधे, बैठकीच्या खाली बसतो तो रंगवलेला पत्रा म्हणजे पाटी. वाघ, मोर, सिनेमातली गुबगुबीत नायिका, नदीकाठची झोपडी आणि तिच्यावरून उडणारं विमान, गाड्यांचा मालक महाजन सांगेल ते तिच्यावर. रस्त्यातला चिखल सगळ्यात आधी तिच्यावर उडतो आणि मागच्या रिक्षाचं चाक तिच्यावरच आदळतं. तरी महाजन लोक नवी रिक्षा घ्यायला आले की चाकं बघत नाहीत, साखळी बघत नाहीत, आधी गुडघ्यावर बसून पाटी बघतात.

आमच्या गल्लीत सगळ्यात चांगली पाटी तोराब मिस्त्रीची. खाली उजव्या कोपऱ्यात पिवळ्या रंगात लिहिलेलं असायचं, ‘तोराब मिस्त्री, बंशाल’. ते नाव बघून महाजन घासाघीस न करता पाटी उचलायचा. पण मला सांगायचंय ते तोराबबद्दल नाही, त्याच्या बायकोबद्दल. आंबियाबद्दल. आणि ते सांगायची लाज वाटते म्हणून मी मघापासून चाकं आणि चिखल करत बसलोय.

आंबिया बिक्रमपूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल, तिसरीपर्यंत शिकलेली. त्यांच्याकडे हिवाळ्यात तांदळाच्या पिठाचे पिठे करतात, आणि त्यावर खजुरीच्या काट्याने नक्षी काढतात. पहिल्या हिवाळ्यात तिने सगळ्या गल्लीला पिठे वाटले. माझ्या वाट्याला आलेल्यावर मासा होता, आणि माशाच्या अंगावरचा खवला न् खवला वेगळा मोजता येत होता. माझी आई म्हणाली, “हे खायचं कसं रे, पाप लागेल.” मग खाल्लाच.

तोराबने तिला घरात बसवून पाट्यांची जमीन भरायला लावलं. म्हणजे आकाश निळं करायचं, पाणी हिरवं करायचं, झोपडीचं छप्पर पिवळं. पुढचं काम तोराब करायचा. डोळे सगळ्यात शेवटी. आमच्यात रीतच आहे, चित्रातले डोळे उस्तादाने उघडायचे, दुसऱ्याने हात लावायचा नाही. वाघ असो की नायिका, डोळे काढले की तोराब ब्रश कानामागे खोचायचा आणि म्हणायचा, “चल, आता बघायला लागली.”

अठ्ठ्याऐंशी साली पूर आला. गल्लीत कमरेएवढं पाणी होतं, माझे लाकडी सांगाडे होड्यांसारखे तरंगत फिरत होते. पाणी उतरलं, आणि त्यानंतर महिन्याभरात तोराबची एक पाटी माझ्याकडे ठोकायला आली. जब्बार महाजनाच्या रिक्षासाठी वाघ होता. जब्बारने गुडघ्यावर बसून बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“ए सोबहान, हा वाघ डोळा का मारतोय?”

बघतो तर खरंच. एक डोळा जागेवर, दुसरा घसरून गालावर आलेला, अर्धा मिटलेला.

“मागच्या रिक्षात कुणी सुंदर सवारी असेल, महाजनसाहेब.”

“थट्टा करू नकोस. माझ्या बत्तीस गाड्या आहेत. बत्तीस वाघ बायाबापड्यांना डोळा मारत फिरले तर मला ठाण्यावर नेतील.”

रिक्षावाला मात्र हटून बसला. “राहू द्या की साहेब. माझी बायको पण अशीच बघते.” शेवटी वाघ तसाच गेला, आणि महिनाभर सगळं बंशाल त्याच्यावर हसलं. मीही हसलो. तोराब हसला नाही, त्याने दुकानात येणंच बंद केलं.

पुढची पाटी आली ती बघून माझं हसणं बंद झालं. मोर होता, आणि मोराचा डोळा असा की मी हातोडी खाली ठेवली. तोराबच्या चांगल्या दिवसांतसुद्धा असा डोळा मी पाहिला नव्हता. संध्याकाळी चार बाकरखानी रोट्या कागदात बांधून त्याच्या घरी गेलो. दार लोटलेलंच होतं. तोराब खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी चहाचा कप धरत होता, आणि तरी चहा बशीत, बशीतून लुंगीवर सांडत होता. खाली जमिनीवर आंबिया. पदर कमरेला खोचलेला, हातात बारीक ब्रश, समोर एका नायिकेचा अर्धा उघडलेला डोळा.

तिने वर बघितलं नाही. डोळा पूर्ण केला, मगच पदर डोक्यावर घेतला.

“काय बघितलंस?” तोराबने विचारलं.

“काही नाही, उस्ताद.”

“तसंच राहू दे. माझ्या हाताचं कुणाला कळता कामा नये. कळलं तर जब्बार उद्यापासून पाटी घ्यायचा नाही. शपथ घे.” पारुल, त्यांची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. तिला पुढे ओढून त्याने माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मी शपथ घेतली. आंबिया ब्रश पुसत होती, तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

त्यानंतर तेरा वर्षं हेच चाललं. आतल्या खोलीत पडद्याआड आंबिया पाट्या करायची, बाहेर ओट्यावर तोराब कानामागे ब्रश खोचून बसायचा आणि आल्यागेल्याला वाघाच्या मिशा कशा काढाव्यात हे सांगायचा. हात मांडीखाली दाबून ठेवायचा. कोपऱ्यातलं ‘तोराब मिस्त्री’ तीच लिहायची. त्याच्यापेक्षा सुबक लिहायची. लोक म्हणायचे, वय वाढलं तसा म्हातारा आणखी बहरला. तोराब ते ऐकून मान डोलवायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही. रोजच्या रोज दुसऱ्याच्या कामाची वाहवा गिळणं काही सोपं नसावं. पण त्याला ती पचत होती, हेही मी बघत होतो.

एकदा, तीनेक वर्षांनी, तिने त्याला विचारलं. मी ओट्यावर बसलेलो होतो, पडद्याआडून आवाज आला.

“कोपऱ्यात माझं नाव घालू का? तुमच्याखाली. बारीक.”

तोराब एवढा हसला की त्याला ठसका लागला. “रिक्षाच्या मागे बाईमाणसाचं नाव? अगं, त्यावर चिखल उडतो, लोक पान थुंकतात. हजार रिक्षावाले वाचतील. घराची अब्रू काय रस्त्यावर ठोकायची?” आणि माझ्याकडे वळून, “सांग रे हिला.”

त्या वेळी पडद्याआड जी पाटी चालू होती तिच्यावर एक नायिका नदीत भिजत होती, साडी अंगाला चिकटलेली. तिच्यावर चिखल उडालेला चालणार होता. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. मी म्हणालो, “भाबी, उस्ताद म्हणतात ते बरोबर आहे.” तिने परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. बायका सहसा येत नाहीत. “सोबहान भाई, पत्र्यावर रेघ मारायचा एखादा खिळा आहे का तुमच्याकडे? टोकदार.” पत्रा कापण्याआधी खूण करायला आम्ही पोलादी खिळा घासून ठेवतो, तसा एक मी तिला दिला. लाकडी मुठीचा. काय करायचाय, विचारलं नाही. घरातल्या डब्यांवर खूण करायची असेल असं वाटलं.

पाटी आली. मी ती ठोकायला उलटी केली, तर मागच्या कोऱ्या पत्र्यावर, अगदी मधोमध, ओरखडून लिहिलेलं, ‘आंबिया १’.

मी ती पाटी तशीच घेऊन गेलो. तोराब मशिदीत गेलेला. “भाबी, हे काय?”

“ही बाजू कोण बघतं?”

“कोण बघणार? लाकडाला चिकटते ती. मी ठोकताना बघतो तेवढीच.”

“मग तुम्ही बघा आणि ठोका,” ती म्हणाली. “घराची अब्रू घरातच राहील.”

मी ठोकली. दोन आली, तीन आली. शंभर आल्या. पुढून तोराब मिस्त्री, मागून आंबिया आणि आकडा. पिठ्यावर काट्याने काढायची तसंच वळण, जोर देऊन, न घाबरता. साऱ्या ढाक्यात हे वाचणारा मी एकटा. आधी मला गंमत वाटायची. मग सवय झाली, आणि नंतर पाटी हातात आली की मी वाघ न बघता आधी मागे बघायला लागलो. कधी आकडा चुकला तर मी तिला निरोप पाठवायचो, ‘चारशे बारा दोनदा आलाय.’ ती निरोप पाठवायची, ‘एक खोडून टाका.’ एवढंच आमचं बोलणं.

दोन हजार एक साली तोराब वारला. शेवटच्या आजारात मला म्हणाला, “शपथ आहे हं.” बायकोबद्दल काही बोलला नाही. जनाजा मोठा निघाला, वीसेक रिक्षा रांगेने, प्रत्येकीच्या मागे त्याचं नाव. चाळिसाव्या दिवसानंतर जब्बार महाजन आंबियाकडे जाऊन म्हणाला, “भाबी, तू जमीन भरायचीस ना? थोडंफार शिकली असशील. नाव उस्तादाचंच लिही, जुना माल म्हणून चालून जाईल.” ती हो म्हणाली. घर चालवायचं होतं, पारुलचं लग्न व्हायचं होतं.

पण नंतर पाट्याच संपत आल्या. छापलेले रंगीत कागद आले, ते पत्र्यावर चिकटवायचे, झालं काम. जुन्या रिक्षा मोडीत निघायच्या तेव्हा माझ्याकडेच यायच्या. सांगाडा जळणात, लोखंड भंगारात. तोराबच्या नावाच्या पाट्या मात्र मी काढून भिंतीला लावून ठेवायचो. गिऱ्हाइकाला सांगायचो, पत्रा चांगला आहे, कामाला येईल. खरं तर ते डोळे मोडीत घालवत नव्हते. एकतीस जमल्या.

तीन वर्षांपूर्वी नाहीद आपा आल्या. धानमंडीत, ढाक्याच्या श्रीमंत वस्तीत, त्यांचं चित्रांचं दालन आहे. सुती साडी, मोठी टिकली, बोलायला फार गोड. धुळीत सरळ मांडी घालून बसल्या आणि एकेक पाटी मांडीवर घेऊन बघत राहिल्या. तोराब मिस्त्रीचं प्रदर्शन भरवायचं होतं त्यांना.

“चाचा, या सगळ्या त्यांच्याच हातच्या ना?”

माझी सगळी गोष्ट या एका प्रश्नावर येऊन थांबते. दुकानात आम्ही दोघंच होतो. तोराबला जाऊन इतकी वर्षं झालेली, जब्बारही गेलेला. खरं सांगितलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण तीस वर्षं जे तोंडात बसलंय तेच बाहेर आलं.

“त्यांच्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?”

त्यांनी एक कागद पुढे केला, मी सही केली. पाट्यांचे पैसेही दिले त्यांनी. निम्मे मी आंबियाला नेऊन दिले, म्हणजे मी किती न्यायी माणूस आहे ते बघा. ती पैसे न मोजता म्हणाली, “तुम्ही सांगितलंत त्यांना?”

“मी कशाला सांगू? त्या पाट्या उलटतीलच. नाव आहे की मागे. वाचतील.”

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला ती हसताना दिसली. पुढचे दोन दात पडलेत तिचे. “वाचतील नाही का,” ती म्हणाली.

प्रदर्शनाला जायला पारुलने तिला निळ्या काठाची साडी नेसवली. नव्या चपला चावत होत्या तर ती त्या रिक्षात काढून हातात घेऊन बसली. मी मागच्या रिक्षात होतो. तिच्या रिक्षाच्या मागे छापील कागदाची पाटी होती, एका कडेने सुटलेली.

दालनात गेलो तर पाट्या भिंतीवर नव्हत्याच. छतापासून बारीक तारांनी अधांतरी टांगलेल्या, दोन्ही बाजू दिसतील अशा. लोक पुढून बघत होते, मग वळसा घालून मागून. आंबिया पहिल्या पाटीच्या मागे जाऊन उभी राहिली. आंबिया ७७. दुसरीच्या मागे. आंबिया ३०९. तिचं नाव तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होतं, वरून दिव्याचा उजेड. सुटाबुटातली माणसं ते वाचत होती. तिने पारुलचं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, सोबहान, सुटलास बाबा तू.

“अम्मा, इथे लिहिलंय काहीतरी,” पारुल म्हणाली. तारेखाली एक पुठ्ठा होता. तिने मोठ्याने वाचला. “‘तोराब मिस्त्री आपल्या प्रत्येक पाटीच्या मागे पत्नीचं नाव कोरत असत. जगाला दाखवायच्या चित्राआड एका कारागिराने आयुष्यभर लपवलेलं हे प्रेम.’”

आंबियाने तिला पुन्हा वाचायला लावलं. पारुलने पुन्हा वाचलं, या वेळी हळू.

तेवढ्यात नाहीद आपा आल्या, तिला मिठी मारली, हाताला धरून पुढे नेलं. माइकवर बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खरं होतं, खोटं कशाला बोलू. “या आंबिया खाला. हजाराच्या वर वेळा ज्यांचं नाव कोरलं गेलं त्या. खाला, किती नशीबवान आहात तुम्ही!”

“नशीब कसलं?” आंबिया म्हणाली. “ती माझी सही आहे.”

नाहीद आपांनी छातीवर हात ठेवला. “ऐकलंत? त्या म्हणतात, ती माझीच सही. इतकी एकरूप झालेली होती दोघं.” आणि टाळ्या. सगळं दालन टाळ्या वाजवत होतं.

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. “एकरूप नाही. पाट्या मी रंगवल्यात. डोळे मी उघडलेत. पुराच्या सालापासून त्यांचा हात कापायचा, चहाचा कप धरता येत नव्हता. त्यांनी कशाला कोरलं असतं? त्यांना ठाऊकही नव्हतं.”

आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक चष्मेवाले गृहस्थ पाटीच्या जवळ नाक नेऊन बघायला लागले. नाहीद आपा गोंधळल्या. “पण खाला, चाचांनी तर... सोबहान चाचांनी सही करून दिलंय. ते उस्तादांच्या शेजारी वीस वर्षं होते.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. “चाचा, उस्तादांचा हात कापायचा?”

पारुल तिथेच उभी होती. चार वर्षांची असताना जिच्या डोक्यावर माझा हात होता ती, आता दोन मुलांची आई. ती शपथ मला आठवली, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. खरं असं आहे की मला तो कागद आठवला. एवढ्या लोकांत सोबहान मिस्त्री खोटारडा ठरला असता. आणि तोराब, ओट्यावर मांडीखाली हात दाबून बसलेला तोराब, या सुटाबुटातल्यांसमोर उघडा पडला असता. त्याचं उघडं पडणं मला सोसवेना. तिचं सोसवलं.

“नाही,” मी म्हणालो. “उस्तादांचा हात शेवटपर्यंत स्थिर होता.”

नाहीद आपांनी सुटकेचा श्वास सोडला. आंबियाच्या पाठीवरून हात फिरवत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “होतं असं, खाला. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून रंग भरलेत तुम्ही. तुमच्याही हातात त्यांची कला उतरली असणार. पुढच्या महिन्यात आपण तुमच्याकडून काही पाट्या करून घेऊ.”

आंबियाने वाद घातला नाही. ती माझ्यासमोर आली. नवी साडी, हातात चपला.

“सोबहान भाई,” ती म्हणाली, “तुम्ही तर मागून बघायचात.”

चौथ्या दिवशी पारुल दुकानात आली. ओढणीतून एक पुडकं काढून तिने रंध्याशेजारी ठेवलं आणि ती गेली. आत तो लाकडी मुठीचा खिळा होता. मूठ हाताळून हाताळून काळी, गुळगुळीत झालेली. टोक झिजून बोथट.

दालनाच्या मागणीप्रमाणे ती अजून पाट्या करते. पोटासाठी करावंच लागतं, आणि आता त्यांना चांगली किंमतही येते. पुढे कोपऱ्यात पिवळ्या रंगात ‘तोराब मिस्त्री, बंशाल’ असतं, तसंच सुबक. चौकट मारायला त्या माझ्याकडेच येतात, कुणाच्या तरी हातून. डोळे आजही असे की माणसाने हातोडी खाली ठेवावी. मी ठेवतो, आणि पाटी उलटी करून बघतो.

मागे कोरा पत्रा असतो.